एकच पेला

"पी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "सगळ्यांदेखत पी."

चौथीच्या वर्गातली सगळी पोरं बघू लागली. माठापाशी उभ्या असलेल्या केसरने हात पाठीमागे लपवले. सिंधमधून, म्हणजे पार पाकिस्तानातून, आईबापांबरोबर निघून आलेली ही पोर. जुन्या जालन्यातल्या या शाळेत येऊन तिला चार महिने झाले होते. बाप धान्याच्या दुकानात पोती उचलायचा. केसर मराठी भराभर शिकली, पाढेही म्हणू लागली. पण पाणी मात्र घरून आणलेल्या वाटीनेच प्यायची. आज वाटी घरी राहिली, तर दुपारपर्यंत तहानलेली बसली. माठावरच्या पेल्याला काही शिवेना.

बाईंना ते झोंबलं. वीस वर्षं त्यांच्या वर्गात माठ एक आणि पेलाही एकच, तोही मुद्दाम ठेवलेला. गावच्या विहिरीवर त्यांच्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, भांडं विटाळू नये म्हणून. ते सांगताना आईचा आवाज बारीक व्हायचा, आणि ऐकताना लहानग्या प्रभावतीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आता ही इवलीशी पोर त्यांच्याच वर्गात सोवळं पाळणार?

"इथं असले नखरे बिलकुल चालणार न्हाईत!" त्यांनी पेला भरून तिच्या हातात कोंबला.

केसर घटाघटा प्याली. मग तशीच पेला घेऊन अंगणातल्या नळावर धावली आणि मूठभर मातीने तो घासायला बसली. पोरं फिदीफिदी हसली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तिच्यामागे तरातरा गेल्या.

"आमच्या पेल्याचा विटाळ झाला का गं तुला?"

"मला न्हाई, बाई. माझा झाला, पेल्याला." केसरचे हात थांबले नाहीत. "तिकडं शाळेत आमचा पेला अलग होता. दुसरा उचलला की मास्तर मारायचे. आता ह्या पोरांना प्यायचंय ना अजून."

जे बाईंना सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, ते चार महिने डोळ्यांसमोर असून कळलं नव्हतं. उलट भर वर्गात त्यांनी या पोरीचा पाणउतारा केला होता. शरमेने त्यांना तिच्याकडे बघवेना.

"दे बाळा तो पेला," त्या कशाबशा म्हणाल्या. "मलाबी पाणी प्यायचंय."

केसरने घाबरून पेला मागे ओढला.

"थांबा बाई, अजून साफ न्हाई झाला."