कडू घासाचा वाटा

सुगंधाच्या दहाव्याला नदीकाठी सर्वांचे नेत्र पाणावले. केवळ तिचा पिता भिवसेन कोरडा उभा होता. ती गेली त्या दिवशी, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून, आळीतील प्रत्येक घराने कडू घासाची भाकरी आणली होती. सोबत दुःख वाटून घेण्याच्या यंत्राचा पट्टा त्याच्या मनगटाला बांधून प्रत्येकाने त्याच्या दुःखाचा एकेक वाटा आपल्या अंतःकरणात नेला होता. ज्याचे दुःख त्याला थोडे तरी ठेवावे, अशी रीत होती. परंतु शेजारधर्माच्या भरात किती उरले हे कोणी पाहिलेच नाही, आणि त्याला काहीच उरले नाही. आता लेकीचा चेहराही त्याला परक्या मुलीच्या छायाचित्रासारखा भासत होता.

सायंकाळी तो शेजारच्या हौसाबाईच्या उंबऱ्याशी गेला.

"वहिनी, माझा वाटा परत द्या."

"खुळं का काय, भावजी! झेपायचं न्हाई तुम्हांस्नी."

"पोरगी माझी, आन् रडताय तुम्ही?"

हौसाबाईने पदराने डोळे टिपले आणि पट्टा आणला. "सगळं न्हाई देणार. माझ्याच अंगणात लंगडी खेळायची ती. निम्मं ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

पट्टा बांधताच त्याच्या छातीत कळ उठली आणि सुगंधाचे हसणे कानी आले. तो उंबऱ्यावरच बसून हमसून हमसून रडला, आणि हौसाबाईही त्याच्यासवे रडली.

तदनंतर घरी येऊन त्याने थंड चुलीत स्वतःच्या हाताने जाळ केला. एकट्यापुरते पीठ घेताना हात क्षणभर थांबला. मग त्याने भाकरी थापली.