रविवारची तारीख

हर्षाने लिफाफा टेबलावर ठेवला, पण वारलूकडे सरकवला नाही. वारलूने धोतराच्या सोग्यातून टेंबरं, तेंदूची फळं, काढली आणि लिफाफ्याशेजारी एकेक करून मांडली. सात होती. पिकून पिवळी झालेली.

"मऊ मऊ पाहून आणली, बाई. साहेबाले दात कुठी रायले आता."

"बसा, वारलूभाऊ. चहा सांगते."

"साहेबासंगच घेतो."

साहेब म्हणजे हर्षाचे वडील, संघपाल रामटेके. मूल तालुक्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं वकिली केलेले. आता ते आतल्या खोलीत काळा कोट घालून बसत. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, कोट मात्र कधी विसरत नसत. सोमवारपासून ती खोली त्यांची राहणार नव्हती.

करार मागच्या महिन्यात झाला. मुंबईची एक गुंतवणूक कंपनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या वकिलांची ऑफिसं ताब्यात घेत सुटली होती. वकिली विकत घेता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून कंपनीने वकिली सोडून बाकी सगळं घेतलं. जागा, संगणक, कारकून, आणि कोणती फाईल ठेवायची ते ठरवायचं काम. बाबांनंतर वकिली चालवणाऱ्या हर्षाने सही केली. लेक नुकतीच शाळेत जायला लागली होती. एका हाताने तिचा डबा आणि दुसऱ्या हाताने बाबांचं औषध, मध्ये कोर्ट. किती दिवस निभावणार होती ती? कंपनीचा कुलदीप माणूस वाईट नव्हता. आतल्या खोलीत स्कॅनर बसवायचा, तेही त्याने अगोदर विचारलं. मग बाबांच्या कपाटातल्या त्रेचाळीस फायली बाजूला काढून तो म्हणाला, "ह्या बंद करू, मॅडम. ज्याचे कागद त्याला देऊन टाका."

सर्वांत वर वारलूची फाईल होती.

वारलूची बायको मनकर्णा मोहफुलं वेचताना वाघाने नेली, त्याला अकरा वर्षं झाली. ती मनाई असलेल्या जंगलात विनापरवाना शिरली होती, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं. वारलूला तेवढं एक वाक्य खोडून हवं होतं. "माही मनकर्णा चोरून गेली नोती," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, "गावच्याच झाडाखाली होती. येवढं लिहून पाह्यजे." बाबांनी ह्या फाईलला हर्षाला कधी हात लावू दिला नाही. माझी केस आहे, म्हणायचे. दर दोन महिन्यांनी वारलू यायचा. दोघं आत बसून चहा प्यायचे.

काल तिने फाईल पहिल्यांदा उघडली आणि कोर्टाच्या संकेतस्थळावर नंबर टाकला. केस सात वर्षांपूर्वीच खारीज झालेली. त्यापुढचा नेमका दिवस-महिना तिने रागात वाचलाही नाही, तसाच कागद छापून लिफाफ्यात घातला. राग याचा, की बाबांच्या डायरीत त्यानंतरही तारखा होत्या. त्यांच्याच अक्षरात, दर दोन महिन्यांनी एक. त्यातल्या तीन तर रविवारच्या. रविवारी कोर्ट उघडत नाही, हे पस्तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला कळू नये? हरलेली केस झाकायला बाबांनी ह्या म्हाताऱ्याला सात वर्षं चाळीस किलोमीटर येरझारा घालायला लावल्या होत्या.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमची केस कधीच खारीज झाली. सात वर्षं झाली. बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही. मी माफी मागते."

वारलूने एक टेंबरू उचललं, बोटाने दाबून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं.

"मले मालूम हाय, बाई. खारीज झाली तव्हा मी आतच होतो."

"मग बाबांनी पुढच्या तारखा का दिल्या?"

"साहेबानं कुठी देल्ल्या? मीच देल्ल्या." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "त्या दिवशी तुमच्या गेलेल्या आईचा जलदान विधी होता. साहेब तसेच निंगून आले. पांढरा सदरा, त्याच्यावर कोट. तवर पुकारा होऊन गेलता. वकील हजर नाई म्हणून खारीज केली. पायरीवर मले पुसते, वारलू, तारीख काय भेटली? त्याइचं तोंड पाह्यलं आन् म्हणलं, भेटली, साहेब, पुढची. तव्हापासूनच साहेब इसरायले लागले, मंग दर बारीले जे तोंडात आलं ते सांगत गेलो. मले काय क्यालेंडर समजते?"

हर्षाने लिफाफ्यातला कागद काढला. दिनांक वाचला. आईच्या जलदान विधीचाच दिवस होता. त्याच संध्याकाळी बाबांना कळलं असतं, तर महिन्याभरात अर्ज करून केस पुन्हा उभी करता आली असती.

"आणि मनकर्णाबाईंचं?"

"तिले मालूम हाय, ते चोर नोती," वारलू म्हणाला. "मलेबी मालूम हाय."

आतून खुर्ची करकरली.

"वारलू आला का? तारीख काय भेटली?"

वारलूने तोंड उघडलं, आणि हर्षाकडे पाहून मिटलं. सोमवारी स्कॅनर येणार होता. कुलदीपची माणसं सोमवार ते शनिवार इथे बसणार होती.

हर्षाने टेंबरं ओंजळीत उचलली आणि दारात जाऊन उभी राहिली. बाबांनी डायरी उघडली होती. पेनाचं टोपण काढून ते वाट पाहत होते.

"भेटली, बाबा."

"कोणती?"

"रविवारची," ती म्हणाली.