सांब्र्याचं विमान

"एक तास," सुवर्णाचा भाऊ जोतिराम म्हणाला. "बंगळूर ते सांब्रा, विमानाला एवढाच वेळ. चल, बस गाडीत."

सुवर्णानं चार वर्षांच्या राणीला उचललं. कालच ती नवऱ्याचं बंगळूरचं घर सोडून वडगावला माहेरी आली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी, सुजलेलं मनगट घेऊन. आणि आत्ता चिन्मयचा फोन आला होता. आवाज एकदम गोड. "विमानतळावर आहे. सांब्र्याला उतरतो आणि राणीला घेऊन जातो. तुला यायचं तर ये, नाहीतर राहा तिथंच."

तो गोड बोलला की तिला जास्त भीती वाटायची.

"आई, तो आला तर सांग, बेळगुंदीला पाव्हण्यांकडं गेल्यात," जोतिरामनं बाळाबाईला बजावलं.

"सांगते. दारातच बसवून ठेवते मेल्याला," म्हातारी म्हणाली. जोतिराम घरातला यंत्रमाग बंद करून निघाला होता, त्यामुळं घर भलतंच गप्प वाटत होतं.

काकती मागं पडल्यावर सुवर्णानं चिन्मयचा नंबर लावून पाहिला. बंद.

"म्हंजे उडालं," जोतिराम म्हणाला. "भिऊ नगो. त्यो वडगावात पोचंपतोर आपण निपाणीत, मावशीकडं. तिच्या वळखीचे विणकर हाईत इचलकरंजीत. आजच त्यांच्याकडं सोडतो तुला."

"त्याला मावशीचं घर ठावं हाय, अण्णा. लग्नात पाठराखीण म्हणून तीच आलती माझ्यासंगं सासरी, आणि तिला निपाणीला परत सोडायला त्योच गेलता."

"असू दे की. सांब्र्यासनं निपाणी म्हंजे आणि दीड तास. तवर आपण पुढं."

"मावशीला फोन तरी करू?"

"करून काय सांगणार? जावई मारतोय म्हणून? फोनवर सांगायची गोष्ट न्हाय ही. समोर बसून बोलू."

जोतिराम भला माणूस. पण घरची अब्रू म्हटली की त्याच्या तोंडाला कुलूप.

पुढं रस्त्याचं काम लागलं. गाडी मुंगीच्या पावलानं सरकू लागली, त्यात राणीला उलटी झाली. मागं एखादी टॅक्सी दिसली की सुवर्णा राणीचं डोकं मांडीवर खाली दडवायची. संकेश्वरला जोतिरामनं घरी फोन लावला.

"आला का गं आई?"

"न्हाय रं अजून. कुणीच न्हाय."

"विमान लेट झालं बघ. देव पावला," म्हणत तो पहिल्यांदाच हसला.

सुवर्णाला हसू येईना. ते विमान येऊच नये, कधीच, असं तिला वाटलं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली नाही.

निपाणीत मावशीच्या दारात गाडी थांबली तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. अक्काताई मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. राणीला तिनं गाडीच्या खिडकीतूनच कडेवर घेतलं, पटापटा मुके घेतले आणि घराकडं वळली.

"लई वेळ केलासा गं. जावईबापू वाट बघून दमले की. सांब्र्याला उतरता येईना म्हणून कोल्हापूरला उतरलं म्हणं विमान, तिथनं पाऊण तासात हितं. तुम्ही हितंच येणार म्हणाले, आत बसल्यात. चल गं राणी, बाबाकडं."