सातवी खोली

कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात एसीच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलायला अनुपमा आली होती. नवी आवृत्ती एकदा चढवली की जुनी परत येत नाही, म्हणून तिने आधी कारखान्याचा प्रोग्रॅम दोन्ही आवृत्त्यांत उघडून पाहिला.

नवीत सहा खोल्या दिसल्या. जुनीत सात.

"मामा, ही सातवी खोली कुठंय?"

"सहाच हायेत की वो म्याडम," ऑपरेटर पोपटराव म्हणाले. "सहावीच्या भिंतीमागं निस्ता ऊस हाय."

पडद्यावर सातवीचं तापमान माणसाच्या अंगाएवढं होतं. तिथला हवेचा दाब संथपणे चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता.

नवी आवृत्ती टाकली, की त्या खोलीची हवा बंद होणार होती.

"टाका नवीन. जुन्यात काय सोनं पुरलंय व्हय?" पोपटराव हसले.

अनुपमाने होकाराच्या बटणावर बोट टेकवलं. चढता दाब अर्ध्यावरच थांबला.

ती पाहत राहिली. तो हलेना.

तिने हळूच बोट उचललं. दाब सावकाश खाली आला, आणि खिडकीबाहेर, वाऱ्याचा मागमूस नसताना, शिवारभर उभा ऊस एका अंगाला झुकला.