मागची घंटी

या, जरा जवळ सरकून बसा, दोघा भावांची गोष्ट सांगते. रानातली कच्ची वाट, ना गाडी ना घोडा, तरी मागच्या सायकलवरचा थोरला प्रत्येक वळणावर घंटी वाजवायचा.

"दादा, कुणासाठी वाजवतोस? झाडं बाजूला सरकणार आहेत का?" धाकटा वैतागला.

"मी मागे आहे, एवढं तुला कळलं की बस्स!"

पाणी प्यायला थांबले तेव्हा धाकट्याने ती घंटी गुपचूप काढून खिशात टाकली. मग अर्धा तास काय शांतता, काय सुख! सहज मागे वळून पाहिलं, तर दादा नाही. हाका मारत तो उलटा फिरला.

बऱ्याच मागे, उतारावर दादा पाय धरून बसला होता. "घोटा गेला रे. तू हौसेने आणलेली घंटी कुठेतरी पडली, ती शोधायला उतरलो नि घसरलो. आधी ती बघ बाबा."


त्याला उठवायला धाकटा वाकला, आणि खिशातल्या खिशात घंटी वाजली.

थोरल्याचा पाय होईल बरा. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या धाकट्याची आठवण ठेवा.