दवाखान्यापुरती भाषा

सुलक्षणा सिस्टरच्या कानामागच्या चिपमध्ये हॉस्पिटलने स्पॅनिश भाषा बसवली होती, पण दुखण्याखुपण्यापुरतीच. ताप, जुलाब, धाप हे लख्ख कळायचं. बाकी बोलणं म्हणजे नुसती कलकल. माद्रिदच्या त्या वॉर्डातल्या इनेसआजींनी हे बरोबर हेरलं. एकटं वाटलं की म्हणायच्या, "छातीत दुखतंय." सुलक्षणा धावत यायची, मनगट धरून बसायची आणि दुखणं थांबायचं. तपासणीत काहीच निघेना.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता छाती उघडूनच बघू."

मनगट धरलं की थांबणारं दुखणं छातीतलं नाही, एकटेपणाचं आहे, हे सुलक्षणाच्या लक्षात आलं. ॲम्ब्युलन्सवरच्या मिरजेच्या ड्रायव्हरकडून तिनं एक स्पॅनिश वाक्य घोकून घेतलं. आजींजवळ खुर्ची ओढून अडखळत विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

आजी जेवणाची गाडी येईपर्यंत बोलत राहिल्या. सुलक्षणाला एक अक्षर कळलं नाही.

त्यानंतर आजींनी छातीचं नाव काढलं नाही.