निळी लेस

रोजा ठेवून धावायचं म्हणजे धावायचं, ही पोलीस भरतीसाठी पोरांना पळवणाऱ्या उस्तादांची शिस्त. "ज्याले तहान आवरते, त्याले धाप लागत नाई," ते म्हणायचे. काल नमाजाआधी वजू करताना तौसिफनं नुसती चूळ भरली, तर साऱ्या पोरांसमोर ओरडले, "गिळलं ना बे पाणी? रोजा झेपत नाई तुले, पोलीस भरती काय झेपन?" आज दुपारी तौसिफ अचलपूर स्टँडवरच्या हॉटेलापाशी थबकला. रमजानमुळे दाराला पडदा होता, चहा पिणारे रोजेदारांना दिसू नयेत म्हणून. पण खालून पाय दिसत होते; एका बुटाला निळी लेस. उस्तादांची तुटली तेव्हा तौसिफनंच आपल्या बुटाची काढून दिलेली. आतून ओळखीचा आवाज आला, "अजून एक कट चहा दे." संध्याकाळी, रोजा सुटण्याआधी, मैदानावर उस्तादांनी त्याला विचारलं, "पाणी तं नाई घेतलं?" तौसिफनं पोरांसमोर वाकून उस्तादांच्या बुटातली आपली लेस काढून घेतली.